मान बघू नंतर

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात चक्करच्या गोळ्यांचे नमुने असत. औषध कंपन्यांची मुलं तो खण भरून जात आणि मी रिकामा करी. ‘चक्कर’ हा शब्द कानावर पडला की हात आपसूक खणाकडे जाई. पेशंटचं वाक्य संपायच्या आत गोळ्या टेबलावर. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून तालुक्याच्या गावी मी पंचवीस वर्षं काढली. त्यातली निदान पंधरा वर्षं दवाखान्यात सगळ्यात जास्त काम कुणी केलं असेल तर त्या खणाने.

एकदा एक शिक्षिका आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, डाव्या कुशीवर वळले की घर गरकन फिरतं. अर्धा मिनिट. मग सगळं जागच्या जागी.” याहून स्वच्छ निदान पुस्तकातसुद्धा लिहिलेलं नसतं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियमचे बारीक कण सुटून त्यांतल्या एखाद्या नळीत शिरले की कूस बदलताना नेमकं असंच होतं. बाईंनी आजाराचं नाव सोडून बाकी सगळं सांगितलं होतं. मी त्यांना खणातलं बीटाहिस्टीन दिलं आणि मानेचा एक्स-रे काढायला पाठवलं. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेत दिसते तेवढी झीज त्यात दिसली. मी गळ्यात पट्टा बांधला. चार महिने बाई पट्टा घालून फळ्यावर लिहीत होत्या. स्कूटी बंद झाली. रात्री पाठीला लोड लावून बसल्या-बसल्या झोपायच्या.

मग मी भाच्याच्या लग्नाला गेलो. चार दिवस माझ्या खुर्चीवर नुकतीच डिग्री घेतलेली एक मुलगी बसली होती. तिने बाईंना झटकन आडवं केलं, मान वळवून डोळ्यांत पाहिलं, बुबुळं थरथरताना दिसली. तिथेच एपलीची पद्धत केली, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने फिरवत ते कण नळीतून बाहेर काढून दिले. सगळं मिळून सात-आठ मिनिटं, औषध काही नाही. पुढच्या आठवड्यात बाई आल्या. पट्टा धुऊन, वाळवून, पिशवीत घालून आणला होता. “दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल,” म्हणाल्या. टोमणा होता की साधेपणा, मला अजून कळलेलं नाही.

जॉन एपली हे अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानाचे डॉक्टर. १९८० साली त्यांनी ही पद्धत पहिल्यांदा दाखवली तेव्हा सहकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. त्यांचा गाजलेला निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. मी एम.एस. झालो त्याच्याही नंतर. म्हणजे मला सबब नव्हती. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती आणि पासही झालो होतो.

२०१६ साली जर्मन डॉक्टरांचा एक अभ्यास आला. मेनिएरचा आजार असलेल्या २२१ जणांना त्यांनी तीन गटांत वाटलं: एकाला बीटाहिस्टीनचा कमी डोस, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला नुसती खोटी गोळी. नऊ महिन्यांत चक्करचे झटके तिन्ही गटांत कमी झाले आणि खोट्या गोळीवाल्यांचेही तेवढेच. बाईंचा आजार वेगळा, हा वेगळा, हे खरं. पण मी दोघांसाठी एकच खण उघडत होतो. तो निबंध वाचून मी आठवडाभर खण बंद ठेवला. आठवडाभरच. सवय ही औषधापेक्षा चिवट असते.

ही चूक मी चारचौघांत सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. खालची सांगत नाही.

२००९ सालची गोष्ट. एसटीचा ड्रायव्हर, वय ४४, तंबाखू-चुन्याची डबी खिशात. जिभेच्या उजव्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम, टोकदार दाढेसमोर. तपासणीत कॅन्सर निघाला. सुरुवातीचा होता, मी कडेचं चांगलं मांस धरून काढला, कडा स्वच्छ आल्या. राहिली मान. जिभेचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेतल्या गाठींत, आणि हाताला किंवा सोनोग्राफीला काही लागलं नाही तरी दहातल्या साधारण तिघांच्या मानेत तो आधीच जाऊन बसलेला असतो. तेव्हा सर्जनांचे दोन पंथ होते. एक म्हणे, जिभेबरोबरच मानेतल्या गाठी काढून टाका. दुसरा म्हणे, थांबा, दर महिन्याला मान तपासा, गाठ आली तर काढा. दोन्ही पंथांना मोठी नावं होती, पुस्तकांत दोन्ही छापलेले होते. मी दुसऱ्या पंथाचा. पहिल्या पंथात ऑपरेशन दोन-तीन तासांनी लांबतं, हे कारण मात्र मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. टेबलावर त्याच्या जबड्याखाली बोटं फिरवली, मऊ लागलं आणि म्हणालो, “मान बघू नंतर.”

दोन महिने तो तपासायला आला. मग दिसेना. जूनमध्ये आला तो गळ्याभोवती उपरणं गुंडाळून. ते सोडलं तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. “दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही,” म्हणाला. मान केली, रेडिएशनचा शेक दिला, चौदा महिन्यांनी तो गेला. त्याच्या केसपेपरवर मी लाल शाईने एक ओळ लिहून ठेवली होती: पेशंट सांगूनही तपासणीस आला नाही. ती ओळ कुणासाठी लिहिली होती ते मला लिहितानाच ठाऊक होतं. पेशंटच्या उपयोगाची ती नव्हती.

२०१५ साली टाटा मेमोरियलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला बसून हाच प्रश्न दहा वर्षं चिवटपणे धरून ठेवला होता. जगभरचे सर्जन ज्यावर पन्नास वर्षं वाद घालत होते, त्याचं उत्तर तंबाखूने तोंड जळालेल्या आपल्या माणसांनी दिलं, हा त्यातला कडू भाग. २००४ ते २०१४ या काळात ५९६ पेशंट घेतले. सगळ्यांचा तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा, मानेत गाठ नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले: एकाची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये, दुसऱ्याची गाठ दिसली तरच. पहिल्या ५०० जणांचा हिशेब आला तेव्हा तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट टक्के. म्हणजे थांबलेल्या दर आठ जणांमागे एक जीव.

माझ्या लाल शाईच्या ओळीला उत्तर त्याच निबंधात होतं. त्या अभ्यासातल्या पेशंटना काटेकोरपणे बोलावून तपासत होते. तरी वाट पाहणाऱ्यांच्या गाठी हाताला लागल्या तेव्हा त्या जास्त वाढलेल्या निघाल्या, कवच फोडून बाहेर आलेल्याही जास्त. माझा ड्रायव्हर दर महिन्याला आला असता तरी कदाचित तेच झालं असतं. एका रविवारी मी जुने केसपेपर काढले आणि मान न केलेले पेशंट मोजायला बसलो. अकराव्यावर आलो आणि गठ्ठा परत बांधून ठेवला.

तरीही इथपर्यंतची चूक मी फार अंगाला लावून घेत नाही. २००९ साली जे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक नव्हतं. शिवाय मी सुधारलोही. जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या सभेत त्या निबंधावर मी पाऊण तास बोललो, आलेख दाखवले, “यापुढे थांबणे हा पर्याय नाही” असं ठणकावून सांगितलं. शाल-श्रीफळ मिळालं. शाल अजून घरात आहे.

२०१७ साली एक बाई आली. वय ३६, घरी शिवणकाम करायची, मिश्रीची सवय. जिभेच्या डाव्या कडेला तशीच जखम, तसाच रिपोर्ट. आदल्या संध्याकाळी तिचा नवरा केबिनमध्ये आला. हातातली फाइल गोल गुंडाळत, उलगडत म्हणाला, “साहेब, मान कापायलाच पाहिजे का? सोनोग्राफीत तर काही नाही.”

सरळ उत्तर एका वाक्याचं होतं. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन वाजता दुसरीकडे जायचं होतं. माझी कंबर महिनाभर धरली होती. नवऱ्याच्या प्रश्नात मला पळवाट दिसली आणि मी ती घेतली. “बघू,” म्हणालो, “आत गेल्यावर ठरवू.” आत गेल्यावर ठरवण्यासारखं काही नसतं हे मला माहीत होतं. जिभेचा तुकडा गॉजवर ठेवला, टाके घातले, भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं, मी तिच्या जबड्याखाली बोटं फिरवली. आणि आठ वर्षांपूर्वीचे तेच तीन शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले. तेव्हा ते एका पंथाचं मत होतं. या वेळी ते कशाचंच मत नव्हतं. सिस्टरने ते शब्द नोंदवहीत लिहून घेतले.

यानंतरही एक संधी होती. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला त्यात गाठीची खोली सहा मिलिमीटर. तीनच्या वर गेली की मानेत काही असण्याची शक्यता झपाट्याने वाढते, हे टाटाच्या त्याच निबंधात होतं आणि माझ्या भाषणातही होतं. दोन आठवड्यांत तिला परत बोलावून मान करता आली असती. पण टाके नुकते विरघळले होते, ती बोलायला लागली होती, नवरा पेढे घेऊन आला होता. ‘परत टेबलावर घ्यावं लागेल’ म्हणायला माझी जीभ रेटेना. पहिल्या चुकीला निदान कंबरेचं निमित्त होतं.

चार महिन्यांनी गाठ आली. मान केली, दोन गाठींत कॅन्सर, एकीचं कवच फुटलेलं. म्हणून नुसत्या शेकावर भागलं नाही, सोबत केमोही लागली. साडेसहा आठवडे शहरात भाड्याच्या खोलीत. नवऱ्याची बिनपगारी रजा, त्याच्या बहिणीकडून उसने पैसे, मुलीची सहामाही बुडाली.

बाई जिवंत आहे. आठ वर्षं झाली, दर दिवाळीच्या आधी तपासायला येते. शेकाने तोंडातली लाळ आटली ती आटलीच. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय उतरत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आहे. एकदा तिच्याच गल्लीत दुसऱ्या पेशंटकडे गेलो होतो, म्हणून घरी डोकावलो. मशीनशेजारी स्टीलची वाटी होती, पाण्याने भरलेली. मला वाटलं प्यायला. तेवढ्यात तिने दोऱ्याचं टोक त्या वाटीत बुडवलं, चिमटीत पिळलं आणि सुईत ओवलं. शिवणारी प्रत्येक बाई दोरा ओठांत धरून ओला करते. तिच्या ओठांत आता ओल नाही.

त्याच दिवशी तिने विचारलं, “तेव्हाच मान केली असती तर हा शेक टळला असता का हो?”

“बहुतेक टळला असता,” मी म्हणालो. “करायला पाहिजे होती. मी केली नाही.”

ती थोडा वेळ सुईकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चहा टाकते.” ती भांडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. माझ्या सोयीसाठी तिने भांडावं कशाला?

२०२३ साली तिनेच तिच्या जावेला हाताला धरून आणलं. जिभेवर जखम, सहा आठवड्यांची. गुटखाबंदी २०१२ साली आली, पण टपऱ्या हलल्या नाहीत आणि मिश्री तर घरातच भाजतात. या वेळी मी कुणाला काही विचारू दिलं नाही. जीभ आणि मान, एकाच बैठकीत. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवलं होतं की आजचा दिवस माझा. पाच तास लागले. रिपोर्ट आला: मानेतल्या सत्तावीस गाठी, सगळ्या निकोप.

म्हणजे तिची मान मी विनाकारण उघडली. दहातल्या सातांचं असंच होतं. पण ते सात कोणते, हे उघडल्याशिवाय कळत नाही. यावरही काम चाललं आहे. जखमेभोवती किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो सगळ्यात आधी मानेतल्या ज्या एक-दोन गाठींत पोचतो तेवढ्याच काढून तपासायच्या, आणि त्या निकोप असतील तर बाकीच्या मानेला हात लावायचा नाही. फ्रान्समधून २०२० साली आणि जपानमधून २०२१ साली याचे अभ्यास आले; दोन्हींत या पहारेकरी गाठींवर विसंबलेले पेशंट पूर्ण मान केलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, आणि खांद्याचा त्रास कमी झाला. त्याला लागणारी यंत्रणा माझ्या गावात नाही.

जावेच्या मानेतून जाणारी खांद्याची नस मी जपली होती, पण जपताना ती हाताळावी लागतेच. वर्षभर व्यायाम करूनही तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. फळीवरचा पिठाचा डबा सासूला काढून द्यावा लागतो, आणि याबद्दल ती माझ्यावर अजून रागावलेली आहे.