एक सूत

ताईचे शेक परवा संपले. पंधरा. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. या काळात फोनवर सगळ्यांनी साधारण तेच प्रश्न विचारले आणि मीही साधारण तीच उत्तरं दिली. नाशिकच्या मावशीला तर दोनदा. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ताईची परवानगी घेतली आहे. "माझं नाव नको आणि वजन नको," एवढीच अट.

तर मावशी, भाजत वगैरे नाही. त्या वेळी काहीच कळत नाही. टेबलावर हात डोक्यामागे घेऊन पडायचं, वर मशीन फिरतं, बस. शेवटी शेवटी कातडी उन्हात करपल्यासारखी झाली, ती आता उतरते आहे. अवघड होतं ते वेगळंच. एकाच जागी, एकाच पद्धतीने, पंधरा वेळा पडणं!

माझी अख्खी नोकरी टूलरूममध्ये मोजमापं घेण्यात गेली. सरफेस प्लेटवर जॉब ठेवायचा, डेटम धरायचा, डायल लावायचा. लोखंड बिचारं ठेवलं तसं पडून राहतं. तापलं तर थोडं वाढतं, तेही किती ते पुस्तकात लिहिलेलं असतं. माणूस म्हणजे श्वास घेणारा, खोकणारा, लाजणारा, कालच्यापेक्षा आज खांदा थोडा वर ठेवणारा जॉब. त्याचं सेटिंग हे लोक किती अचूक करतात, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. तिथल्या फिजिसिस्ट मॅडमना मी इतकं विचारलं की शेवटी त्यांनी एकदा संध्याकाळी पेशंट संपल्यावर बाहेरच्या पडद्यावर सगळं दाखवलं.

जुनी पद्धत ठिपक्यांची. अंगावर शाईचे तीन बारीक ठिपके गोंदतात आणि भिंतीवरच्या लेसरच्या रेषा त्यांवर आणून टेबल हलवतात. ताईलाही गोंदलं. घरी आल्यावर आरशात बघून म्हणाली, "आजीच्या हातावर तुळस होती. माझ्या वाट्याला नुसते ठिपके." पण कातडी सरकते. ठिपका जागेवर आला म्हणजे आतलं सगळं जागेवर आलं असं नाही, आणि तीन ठिपक्यांवरून खांदा किती वळलाय ते कळत नाही.

म्हणून आता छताला कॅमेरे. तिथे तीन होते. ते अंगावर बारीक नक्षीचा प्रकाश टाकतात. ती नक्षी उंचसखल कातडीवर जशी वाकडी होते, त्यावरून छातीचा हजारो बिंदूंचा पृष्ठभाग सेकंदात कितीतरी वेळा तयार होतो. आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून घेतलेला पृष्ठभाग संगणकात असतोच. दोन्ही एकमेकांवर ठेवायचे आणि फरक सहा आकड्यांत वाचायचा: वर-खाली, डावं-उजवं, डोकं-पाय, आणि तीन दिशांना वळण. ताईसाठी मर्यादा होती तीन मिलिमीटर. मी मनातल्या मनात हिशोब केला, म्हणजे एक सूत. सुतार ज्याला "एखादं सूत इकडे-तिकडे चालतं हो" म्हणतो ते. टूलरूममध्ये एक सूत म्हटलं असतं तर साहेबांनी बाहेर काढलं असतं.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, ठोकळ्यावर मोजलं तर हे यंत्र एक मिलिमीटरच्या आत बरोबर असतं, आणि ते आम्ही रोज सकाळी तपासतो. तीन मिलिमीटर यंत्रासाठी नाहीत, माणसासाठी आहेत.

यंत्रालाही कुरबुरी असतातच. मशीनचा हात फिरता फिरता एखाद्या कॅमेऱ्यासमोर येतो आणि तेवढ्यापुरती त्याची नजर अडते. सावळी कातडी प्रकाश जास्त शोषते, तेव्हा कॅमेऱ्याचं एक्सपोजर वाढवावं लागतं. आमचं घराणं कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे ताईसाठी पहिल्याच दिवशी ते बदलावं लागलं. मंगळसूत्र काढून ठेवायचं, कारण ते मध्ये आलं तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने तेही कातडीच. तीन आठवडे ते माझ्या शर्टाच्या खिशात असायचं. वीस मिनिटं मी दर दोन मिनिटांनी खिसा चाचपायचो.

आता श्वासाचं. ताईचा आजार डाव्या बाजूचा, आणि डाव्या बाजूला मागे हृदय. खोल श्वास घेऊन धरला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर, खाली सरकतं. तेवढ्या वेळातच किरणं द्यायची. हे नसते लाड नाहीत. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ बायकांचा अभ्यास आला होता. त्यांनी शेक घेतले ते १९५८ ते २००१ या काळात. हृदयाला सरासरी मिळालेल्या दर एका ग्रेमागे पुढच्या आयुष्यात हृदयाच्या मोठ्या दुखण्यांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि "इथपर्यंत काही होत नाही" अशी रेषा सापडलीच नाही. हे मी रात्री वाचलं. ताईला सांगितलं नाही. आमचे अण्णा हार्टनेच गेले, तेव्हा मला झोप कशी लागली असेल ते समजून घ्या.

सीटीच्या दिवशी तिने वीस सेकंद श्वास छान धरला. समोर एक छोटा पडदा, त्यावर एक पट्टी. श्वास घेतला की पट्टी वर चढते, ठरलेल्या चौकटीत आली की हिरवी होते. मग प्लॅनिंगला दहा-बारा दिवस जाणार होते. "घरी सराव करा," एवढंच सांगितलं होतं. आणि इथे मी, आयुष्यभर मोजत आलेला माणूस, मध्ये पडलो.

रोज संध्याकाळी ताई चटईवर, मी शेजारी उभी स्टीलपट्टी धरून. "ताई, आठच मिलिमीटर आली. अजून." "अरे, एवढीच येते." "काल बारा आली होती." असं दहा दिवस. शेवटी शेवटी बारा-तेरा हमखास यायला लागली आणि मी खूश! ताई मात्र म्हणायची की कंबर भरून येते. मी म्हटलं, सवय नाही म्हणून.

पहिल्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. वीस मिनिटांचे पन्नास झाले. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरी सराव कोण घेत होतं?" मी अभिमानाने हात वर केला.

झालं होतं असं की आत पट्टी हिरवी होत होती. छाती ठरलेल्या उंचीला येत होती. पण पहिल्या दिवशी ते एक्स-रेसुद्धा काढतात, आणि त्यात बरगड्या आणि फुप्फुस प्लॅनशी जुळेनात. ताई श्वास घेण्याऐवजी कंबर उचलून पाठीची कमान करत होती. छाती वर येत होती ती पाठीमुळे, फुप्फुस फुगत होतं अर्धवटच. म्हणजे हृदय जिथे सरकायला हवं तिथे गेलंच नव्हतं. कॅमेऱ्याला नेमून दिलेला भाग छातीपुरता होता, त्याने आपलं काम चोख केलं. त्याला विचारलं काय, तर कातडी कुठे आहे. ती बरोबर जागी होती.

माझी स्टीलपट्टीही बरोबर होती. अर्धा मिलिमीटरसुद्धा चूक नव्हती. कमरेखाली हात घालून बघायचं मात्र मला दहा दिवसांत एकदाही सुचलं नाही. आणि ताईने ते का केलं? तर धाकटा भाऊ रोज तोंड पाडतो म्हणून.

त्या दिवशी शेक दिलाच नाही. तिला नुसतं शिकवलं, पाठ टेकवून, पोटावर हात ठेवून. दुसऱ्या दिवसापासून जमलं. रिक्षात मी "चुकलं माझं" म्हणालो, तर म्हणाली, "तू लहानपणीही गणिताला असाच बसवायचास. उत्तर येईपर्यंत." (खरं तर गणित ती मला शिकवायची. पण त्या दिवशी वाद घातला नाही.)

पुढे एक दिवस खोकला होता. तीन मिलिमीटरच्या बाहेर गेलं की किरणं आपोआप थांबतात. त्या दिवशी सात वेळा थांबली. प्रत्येक वेळी ताई स्पीकरवर विचारायची, "माझं काही चुकलं का?" आतली मुलगी प्रत्येक वेळी सांगायची, "नाही मावशी, मशीन वाट बघतंय." त्या मुलीचे मी मनापासून आभार मानतो.

नवव्या-दहाव्या दिवशी आणखी एक गंमत. आकडे रोज थोडे थोडे सरकत चार मिलिमीटरवर गेले, पण एक्स-रेत हाडं जागेवर. कातडीला सूज आलेली. मग डॉक्टरांनी बघून नवा पृष्ठभाग पकडला आणि पुढचे दिवस त्याच्याशी ताडले. कामाच्या मध्यात डेटम बदलायचा! आमच्याकडे हे पाप. पण लोखंडाला सूज येत नाही. प्रोस्टेटसारख्या खोल जागेच्या आजाराला तर नुसत्या कातडीवर विसंबतच नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. मूत्राशय किती भरलंय ते पोटाच्या कातडीवरून कसं कळणार? तिथे आतली चित्रं लागतातच. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये या कॅमेऱ्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, तीही मी चाळली. निम्मी डोक्यावरून गेली.

परवा पंधरावा. पंचवीस मिनिटांत बाहेर आली. मी मंगळसूत्र दिलं, तिने तिथेच कॉरिडॉरमध्ये घातलं. "आज एकदाही थांबलं नाही," म्हणाली. मग गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. ती बाकावर बसली होती, आणि मी बघत होतो की पाठ टेकली आहे की नाही.

"काय बघतोस?"

"काही नाही."

"पट्टी आणलीयस का खिशात?"

आणली नव्हती. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. फोन दुपारी चारनंतर करा, आधी ती झोपलेली असते.