काडीमोड

अलीकडेच एका संध्याकाळी, ऐन मालिकेच्या वेळेला, आमच्या टीव्हीवर पाटी आली. हे ॲप या उपकरणावर यापुढे चालणार नाही. खाली एकच बटण: ‘ठीक आहे’. ठीक नाही म्हणायची सोय ठेवलेली नव्हती. आईने बटण दाबलं, पाटी गेली आणि तिच्यामागोमाग मालिकाही गेली.

“लाईट गेली वाटतं,” आई म्हणाली. डोक्यावर पंखा गरगरत होता. पण आमच्या भागात जे काही जातं ते लाईट गेल्यामुळे जातं, हा तिचा जन्माचा अनुभव. त्यापुढे पंख्याच्या साक्षीला कोण विचारतो.

टीव्ही पुढे ओढून मागे हात घातला. कोळिष्टकं, पालीची दोन रिकामी अंडी आणि त्यांच्या शेजारी लोंबकळणारी, नेटवरून टीव्हीवर ॲप चालवणारी ती काडी. चटका बसावा इतकी तापलेली. तापलेल्या धुळीचा आणि प्लास्टिकचा वास आला. उपसून बघितली तर पिनेच्या कडेला हिरवट किट्ट चढलेलं. मुरूडच्या अलीकडे, समुद्रापासून दोन वाड्या आत आमचं घर. खाऱ्या वाऱ्याला आम्ही दरवर्षी काही ना काही वाहतो: फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, फ्रीजचे पाय. काडीचा नंबर लागला असं धरून मी दातांच्या जुन्या ब्रशने किट्ट खरवडलं, फवारा मारला, पुन्हा खोचली. चित्र लख्ख. बातम्या दिसतात, भजनं वाजतात, फक्त मालिकेचं ॲप तेवढं पाटी दाखवून गप्प. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने सोडलेली काडी कुणीतरी दूर बसून मोडीत काढली होती.

भाच्याला फोन केला. “मामा, अजून तीच वापरताय? फेकून द्या. मी शनिवारी नवीन घेऊन येतो, अपग्रेड करून टाकू.”

या शनिवारच्या भाच्यांवर माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवायची, मांडव्याला उतरायचं, दुपारी सुरमई खायची आणि संध्याकाळी आजीच्या टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये शिरायचं. मराठी असलेलं इंग्रजी करायचं, अक्षरं बारीक करायची, “आजी, आता बघ किती सोप्पं झालं!” म्हणायचं आणि रविवारी दुपारच्या बोटीने परत जायचं. सोमवारपासून ते सोप्पं निस्तरतो मी. आईने स्वतःपुरती केलेली व्यवस्था यांच्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या रिमोटवर घराच्या चित्राच्या बटणाला मरून टिकली चिकटवलेली आहे. घाबरायला झालं की टिकली दाबायची, मग सगळं पहिल्यासारखं होतं. टिकली घामाने सुटली की ती स्वतःच्या पाकिटातली दुसरी लावते.

तरी ही काडी आमच्याकडे हौसेने आलेली नव्हे. छपराच्या कोपऱ्यावर डिशची छत्री होती, आणि आईला तिच्यावरच्या वाहिन्यांचे आकडे पाठ होते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं ते भर दुपारी. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या पोफळी माना टाकून पडल्या. ज्या झाडांची सुपारी आमच्या आज्याने खाल्ली, ती झाडं एका दुपारी गेली. छत्री कुणाच्या तरी विहिरीपाशी वाकडी होऊन सापडली. लाईट यायला कित्येक आठवडे गेले. आली तेव्हा टीव्ही वाचलेला, आणि त्याच्यामागे भाच्यानेच कधीतरी खोचून विसरलेली ही काडी. मोबाईलचं नेट जोडलं आणि ती चालू लागली. छत्री पुन्हा बसवायची राहिली ती राहिलीच.

त्याआधी अँटेना होता. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ला; त्याच्या पुढच्या वर्षी, एशियाडच्या धामधुमीत, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शटरचा काळा-पांढरा टीव्ही आणला. पोस्टातून परवाना काढावा लागे, तोही काढला. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं, त्याचा मनोरा वरळीला. अलिबाग-किहीमवाल्यांना पाण्यावरून सरळ दिसायचं. आमच्या आणि वरळीच्या मधे काशीदचा डोंगर. म्हणून अण्णांनी विहिरीजवळच्या वाळक्या माडाला बांबू जोडून त्याच्या टोकाला अँटेना चढवला, तोंड उत्तरेला. तरी ‘गजरा’ असो की ‘आमची माती आमची माणसं’, मुंग्या सगळ्यांच्या अंगावर सारख्याच. मग एका दुकानदाराने बूस्टर गळ्यात मारला. त्याने मुंग्यांचंच चित्र ठसठशीत झालं. त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही.

पण हे सगळं सांगताना मला सांगायची असते ती एकच रात्र.

मे महिना. पडवीत रातांब्यांचा ढीग. आई सुरीने रातांबे फोडत होती. बिया-गर एकीकडे, सालं दुसरीकडे, कोपरापर्यंत हात लालभडक. मुंबईचे कार्यक्रम संपले होते, पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि टीव्ही बंद करायला अण्णा उठले. तेवढ्यात मुंग्यांतून एक बाई वर आली. डोक्यावर ओढणी, हातात कागद, समोर बंद दार. ती दार ठोठावत उर्दूत काहीतरी म्हणत होती. खालून उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं सरकली. अण्णा उभ्या उभ्या म्हणाले, “कराची असणार.” आम्ही पोरं चिडीचूप, पाकिस्तान आपल्या माजघरात आल्यावर काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आईचा फक्त हात थांबला. सुरीच्या टोकावरून लाल रस टपटपत होता, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. बाई रडायला लागली, दाराच्या आत पावलं वाजली, आणि चित्र गेलं. अण्णांनी बांबू हलवला, बूस्टर पिळला. पुन्हा मुंग्या.

“तिला दार उघडलं का हो शेवटी?” आईने विचारलं. अण्णा गेले, आता ती मला विचारते. रातांब्यांच्या दिवसांत हमखास.

हे भुताटकीतलं नाही. कडक उन्हाळ्यात अरबी समुद्रावर दमट थंड हवेच्या थरावर कोरडी उष्ण हवा पसरते, आणि त्या दोन थरांत बोगदा झाल्यासारख्या रेडिओलहरी वाकत वाकत शेकडो मैल जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला दीड मीटर लहरीचं एक रडार होतं. त्याच्या पडद्यावर हजार ते सतराशे मैलांवरच्या अरबस्तानच्या खुणा उमटल्याची नोंद रडारशास्त्राच्या पुस्तकांत आहे. जिथून जेमतेम क्षितिजापलीकडचं दिसावं, तिथून अरबस्तान. आमच्या माडाने तर त्या मानाने शेजारच्या गल्लीतच डोकावलं.

काडी आली तेव्हा वाटलं, आता हा प्रश्न सुटला. जुनी पाकिस्तानी नाटकं यूट्यूबवर ढिगाने पडलेली आहेत. पावसाळ्यात लावून बसायचो. ओढणीवाली, कागदवाली, दार ठोठावणारी. आई चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, “ही नव्हे.” एकदा तर मला खात्री होती. तीच, अगदी तीच. “हिला चेहरा आहे,” आई म्हणाली. “तिला मुंग्या होत्या.” यावर काय शोधणार?

नवीन घ्यायची का, याचा हिशेब कागदावर अगदी सरळ आहे. आमच्या काडीत एक जीबी मेमरी आणि आठ जीबी जागा. त्यातली निम्मी तिचीच ती खाते. चित्र दाबून बारीक करून पाठवायच्या पद्धती बदलत गेल्या. २००३ची एच२६४, २०१३ची एचईव्हीसी, २०१८ची एव्ही१. दर वेळी तेच चित्र कमी डेटात मावतं, पण उलगडायला चिप त्या बेताची लागते, आणि जुन्या चिपेत नवी सोय मागाहून घालता येत नाही. ॲपवाल्यांना दहा पिढ्यांच्या काड्यांवर आपलं ॲप तपासत बसणं परवडत नाही. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या की त्या काडीत आपले पासवर्ड ठेवणंही बरं नव्हे. हे सगळं मला पटतं. दूरदर्शननेही २०२२पर्यंत देशातले बहुतेक जुने ॲनालॉग मनोरे बंद केले, म्हणजे आमचा अँटेना गंजून पडला नसता तरी पोरका झालाच असता. पटत नाही ती फक्त रीत. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला मंगळवारी चालत होतं आणि बुधवारी संध्याकाळी सात वाजता पाटी. मधे काहीच नाही.

अलिबागला गेलो होतो, आईच्या औषधांसाठी. हातासरशी काडीही बघणार होतो. समुद्राच्या अंगाने चालताना चुंबकीय वेधशाळेवरून गेलो. जन्मभर तिच्या बाजूने जातोय. शाळेच्या सहलीत मास्तरांनी बाहेरूनच दाखवली होती आणि “आत लोखंड न्यायचं नाही” एवढंच सांगितलं होतं. या वेळी तिथेच थबकलो.

ती वेधशाळा मुळात मुंबईची, कुलाब्याची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१पासून चाललेली. इतकी नेमाने, की सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरच्या उद्रेकाने जगभरच्या तारायंत्रांचा घोळ केला तेव्हा सुई किती ढळली ते कुलाब्याच्या वहीत टिपलेलं आहे, आणि ती पानं शास्त्रज्ञांनी एकविसाव्या शतकात पुन्हा उघडून अभ्यासली. मग मुंबईने घोड्याच्या ट्रामी काढून विजेच्या आणायचं ठरवलं. विजेचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपणार आणि नाजूक सुया बहकणार. यंत्रात दोष नाही, निरीक्षकांत नाही. भोवतालचं शहर बदललं म्हणून यंत्र निकामी. डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस तेव्हा कुलाब्याचे संचालक. त्यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं, लोखंडाचा लवलेश नसलेली इमारत उभी केली आणि १९०४ला इथे मोजणी सुरू केली.

आणि कुलाब्याची बंद केली नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकदमच मोजत राहिले. इकडचा आकडा आणि तिकडचा आकडा शेजारी शेजारी लिहून दोघांत फरक किती पडतो ते समजून घेतलं, आणि मगच जुन्या सुया थांबवल्या. विजेची ट्राम धावली १९०७ला. म्हणून कुलाबा-अलिबागची ती वही आज सलग वाचता येते. मधे फाटलेलं पान नाही. ज्या संस्थेकडे ती आता आहे, त्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात.

ट्राम १९६४ला बंद पडली. वेधशाळा मोजतेच आहे.

दुकानात काड्या तीन प्रकारच्या होत्या. पोरगा सर्वांत महागडीची तारीफ करत होता. तिच्यावर जे दिसतं ते बघायला आमचा टीव्हीच आधी बदलावा लागला असता. मधली घेतली. जुनीच्या बदल्यात काही सूट देतो म्हणाला. नको म्हटलं.

घरी येऊन दुसऱ्या खाचेत नवी खोचली, पहिलीत जुनी तशीच. जुनीतून खात्यांचे पासवर्ड काढून टाकले. तिच्यावर आता भजनं आणि बातम्या, नवीवर मालिका. नव्या रिमोटवर निम्मी बटणं जाहिरातींची आहेत. आईने दोन्ही रिमोट हातात घेऊन तोलले, नव्याच्या घरावर हिरवी टिकली लावली आणि मरूनवाला आपल्या उशाशी ठेवला. पहिल्या दिवशी ती तीनदा जुन्यावर परत गेली. परवा एकदाच. काल मी बाहेरून आलो तर मालिका चालू होती, कुणी लावून दिली म्हणून विचारलं, तर तिने वर बघितलंसुद्धा नाही. मालिकेत कुणीतरी दाराबाहेर उभं होतं.

भाचा शनिवारी आला. “दोन-दोन कशाला? ही काढतो,” म्हणत त्याने टीव्हीमागे हात घातला तेव्हा मी जरा मोठ्याने बोललो, त्याबद्दल ताईचा फोनही येऊन गेला.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावर रांगेत उभ्या असणाऱ्या तमाम भाच्यांना आणि नातवंडांना विनंती. आजीची काडी बदलायची असेल तर जरूर बदला, पैसेही तुम्हीच द्या. पण जुनी उपटून खिशात घालू नका, अक्षरं बारीक करू नका, आणि रविवारच्या बोटीला निघण्याआधी आजीच्याच हाताने एकदा मालिका लावून बघा. बहुतेक टीव्हींना मागे दोन खाचा असतात. निदान गणपतीपर्यंत दोन्ही भरलेल्या राहू द्या.