नाकातल्या ‘न’ची गोष्ट

पनवेलहून सीएसएमटी लोकल पकडली की सव्वा तास आपलाच! गेल्या वर्षी तो मी फ्रेंचला दिला. ऑफिसात पॅरिसच्या क्लायंटचं प्रोजेक्ट आलं होतं आणि परीक्षा पास झाले तरच टीममध्ये एन्ट्री होती. शब्द पाठ झाले, क्रियापदं झाली. गाडी अडली ती नाकात.

‘बाँ’ म्हणजे चांगला. मी म्हणायचे ‘बॉन’. मॅडम म्हणायच्या, ‘‘न विसर, तो स्वरात मुरलाय.’’ पण स्त्रीलिंगात चक्क ‘बॉन’च! तिथे ‘न’ खणखणीत आणि स्वर कोरडा. त्यात पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, की पुल्लिंगातही ‘न’ परत हजर: ‘बॉनामी’, चांगला मित्र. म्हणजे शेजारी कोण बसलंय, यावर सगळं. तसं आपलंही टिंब एकच, पण ‘पंप’मध्ये त्याचा म् होतो, ‘संत’मध्ये न्, आणि ‘संसार’ तर आपण ‘सौंसार’ म्हणतो. कधी लक्षात आलंय तुमच्या?

एका रविवारी मी हॉलमध्ये ‘बाँ बाँ’ करत होते. आमची आजी रत्नागिरीकडची. ती म्हणाली, ‘‘अगो, पांच म्हण, दांत म्हण. तसंच नाकात घे की!’’

आणि जमलं!

संस्कृतातल्या ‘पञ्च’, ‘दन्त’मधला अनुनासिक गेला, पण जाताना शेजारच्या स्वराला आपला रंग देऊन गेला. फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘बोनुस’चं तेच झालं. प्रमाण मराठीत पुढे तो रंगही उडाला आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारलेले अनुस्वार लिहिण्यातूनही काढले. कोकणात मात्र तो रंग बऱ्याच जणांच्या बोलण्यात टिकला. आजीच्याही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आठवलं भलतंच. शाळेत असताना मैत्रिणी घरी यायच्या, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, ‘‘आजी, त्यांच्यासमोर नाकात नको ना बोलूस.’’ ती काही बोलली नाही. त्यानंतर कुणी आलं की ती उठून आत जायची. मला वाटायचं, तिला आराम हवा असेल.

परीक्षा झाली, पासही झाले. परवा ऑफिसची मंडळी घरी आली, तशी आजी सवयीने उठली. मी तिचा हात धरला.

‘‘बस ना गं आजी,’’ मी म्हटलं, ‘‘पांच मिनिटं.’’

टिंबासकट.