नेब्रास्कातला चौथा वाटा

पुतण्याच्या मुलीच्या नामकरणासाठी २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी गेलो होतो. मिसूरी नदीच्या काठचे हे शहर. येथील गुरांचा बाजार एके काळी शिकागोलाही मागे टाकून देशात पहिला झाला होता. तो १९९९ साली बंद पडला. आता मोठ्याचे मांस दुकानात थंड कपाटात मांडलेले असते, आणि तिथे जनावर कुठेच दिसत नाही.

एका रविवारी पुतण्या म्हणाला, "काका, चला. आपला वाटा बघून येऊ."

'वाटा' हा शब्द कानावर पडताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे आजोबा वाट्याच्या गोष्टी सांगत. गावात ढोर मेले की निरोप यायचा, आपल्या माणसांनी ते ओढून न्यायचे, आणि मग वस्तीत घरटी वाटे पडायचे. उरलेल्याच्या चान्या वाळत घालायच्या. त्या वाट्यावरच गावाने आपली पायरी ठरवली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द चांगल्या अर्थाने कोणी उच्चारला नव्हता. या पोराला त्यातले काही ठाऊक नसावे.

गाडीने तासाभराचा रस्ता. प्लॅट नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना वाळलेला मका, काढणीची अवाढव्य यंत्रे आणि मैल मैल माणूस नाही. रँच म्हणजे गुरे पाळण्याची वाडी. तारेच्या कुंपणात काळी, बिनशिंगांची अँगस जातीची गुरे चरत होती. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला आणि त्यावर नंबर. मालक साठीचा, डोक्याला टोपी, हात आपल्या शेतकऱ्यासारखेच राठ. त्याच्या बायकोने कॉफी दिली, त्यांच्याच टेबलाशी बसवून, त्यांच्याच कपातून. याची नोंद आम्ही मनात करून ठेवली.

व्यवहार असा. पूर्ण वाढलेले खोंड सुमारे ५९० किलोचे भरते. कापून, सोलून, आतडी काढून टांगल्यावर साधारण ३५५ किलो राहते, आणि पैसे या टांगत्या वजनावर द्यायचे. दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगले की मांस मऊ पडते. मग हाडे-चरबी काढून पुड्यांत बांधलेले जेमतेम २२० किलो हाती येते. चार घरांत एक जनावर, म्हणजे घरटी ५५ किलोच्या आसपास. कापणावळ खाटिकाला वेगळी. पुतण्याने त्यासाठी तळघरात छोटा फ्रीझर घेऊन ठेवला होता. त्याचे भागीदार त्याच्या कंपनीतलेच, दोन गोरे आणि एक मेक्सिकन.

कायद्याची गंमत पुढे आहे. लहान खाटिकखान्यात प्रत्येक जनावरामागे सरकारी तपासनीस उभा नसतो, म्हणून तिथले मांस विकता येत नाही. मात्र आपल्या मालकीचे जनावर घरच्यासाठी कापून घेता येते. तेव्हा ते जिवंत असतानाच चौघांनी विकत घ्यायचे. पुड्यांवर शिक्का पडतो : 'विक्रीसाठी नाही'.

इथे आमच्या सौ. अडल्या. भिक्खूंसाठी तथागतांनी सांगितलेली तीन अंगे त्यांनी विहारात ऐकली होती. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंका नाही, असेच मांस भिक्खूने घ्यावे. आपण उपासक, भिक्खू नव्हे, हे खरे. पण बाजारातल्या तुकड्याबद्दल जे समाधान करून घेता येते ते इथे कसे घ्यावे? मालकाने कुंपणाशी नेऊन बोटाने दाखवलेच, "तो तुमचा."

सौ. म्हणाल्या, "अहो, तो आपल्याकडेच बघतोय."

आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार?

मालकाने विचारले, तुमच्या देशात गाईला पुजतात ना? पुतण्याने त्याचे मराठी करून सांगितले. आम्ही म्हणालो, "सगळे नाही." महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला जुन्या कायद्याने बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हशी-रेडे तेवढे बाहेर राहिले, हे सांगितल्यावर तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हातारा बैल कोण पोसतो, असे त्याने विचारले. शेतकऱ्याचाच प्रश्न होता. अस्पृश्यतेचे मूळ गोमांसाशी कसे जोडलेले आहे हे बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात मांडले, ते त्याला समजावण्याइतके इंग्रजी आमच्याजवळ नव्हते आणि पुतण्याजवळ तेवढे वाचन नव्हते. याची लाज दोघांनाही वाटली. परतीच्या वाटेवर त्याला ते सांगितले, आणि वाट्याचेही.

परत येताना खाटिकाकडे थांबलो. तो एक फॉर्म देतो. तुकडे किती जाड, एका पुडीत किती, खिमा किती, सुपाची हाडे हवीत का. फॉर्म भरणे हा आमचा रोजचा धंदा, तो आम्हीच भरायला घेतला. शेवटी चार रकाने : काळीज, हृदय, जीभ, शेपूट. खाटीक म्हणाला, बाकीचे भागीदार यातले काही घेत नाहीत, हवे तर सगळे तुम्हीच न्या.

पेन थांबले. दुसऱ्याने टाकलेले आपण उचलायचे, हेच तर सोडले होते. पुतण्या गप्प झाला. सौ. नी फॉर्मवर बोट ठेवले.

"खूण करा. आपल्या पैशाचे आहे. आणि मारलेच आहे तर वाया का घालवायचे?"

चारही रकान्यांत खुणा केल्या.

तिसऱ्या आठवड्यात पुड्या आल्या. पहिल्या दिवशी सौ. नी शेपटाचा रस्सा केला, खोबरे-तीळ भाजून, सोबत नेलेला काळा मसाला घालून. मेक्सिकन मित्र बायको-मुलांसह आला आणि दोनदा मागून जेवला. सौ. त्या रात्री वरण-भात जेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात उभ्यानेच त्यांनी भाकरी रश्शात बुडवली. आम्ही पाहिले, पण विचारले नाही.