‘मोठ्यांचं ऐक’ एवढंच पुरत नाही

गाळप सुरू झाले की अकलूजच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला जागा उरत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, त्यातून वाट काढणाऱ्या मोटारसायकली आणि या सगळ्याच्या कडेने दप्तर घेऊन चाललेली आपली लेकरे. आम्ही दोघी इथे प्राथमिकच्या वर्गांना शिकवतो. हंगामाच्या सुरुवातीला मुलांना रांगेने रस्त्याकडेला नेतो आणि तिथेच उभे राहून सांगतो. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. पहिली ट्रॉली गेली म्हणून पाऊल टाकायचे नाही, मागे दुसरी असते. हे फळ्यावर लिहून भागत नाही, पायांना सवय लागावी लागते. कॅनॉलचेही तसेच. कुणी पाण्यात पडले तर उडी मारायची नाही, ओरडून मोठ्या माणसाला बोलवायचे. तो ओरडा आम्ही वर्गात खरोखर मारून घेतो. शेजारच्या वर्गाला त्रास होतो, होऊ दे.

हे शिकवायला कुणाची हरकत नसते. हरकत येते ती पुढच्या धड्याला. मुलाच्या अंगाला वाईट हेतूने हात लावणारा माणूस, हा विषय आपल्या घरात निघतच नाही. निघाला तर तो माणूस म्हणजे परका, अनोळखी. जेवत नाही, झोपत नाही म्हटले की आपण लेकराला सांगतो, “झोळीवाला धरून नेईल.” या भीतीने काय होते ते आपल्या सोलापूर जिल्ह्याने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पोरे पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, आणि त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मोबाइलवरच्या अफवेने पाच घरे उघडी पडली. गरीब, भटक्या माणसाकडे बोट दाखवायची ही सवय आपल्या मुलांना आपणच का लावावी?

कारण धोका बहुधा झोळीतून येत नाही. केंद्र सरकारने 2007 साली 13 राज्यांत मुलांवरील अत्याचारांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे तरी मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

वर्गात आम्ही हे कसे सांगतो? सगळीकडे ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असे म्हणतात. आम्हांला ते शब्द सहा वर्षांच्या मुलासाठी अपुरे वाटतात. डॉक्टरांची सुई दुखते, म्हणजे ती वाईट झाली का? आणि गोड बोलून, खाऊ देऊन केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. म्हणून आम्ही साधा नियम ठेवला आहे. चड्डीच्या आतली जागा फक्त आपली. आई अंघोळ घालते, आजारपणात डॉक्टर आईसमोर तपासतात, तेवढेच. आणि जो कुणी ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणेल, त्याची गोष्ट त्याच दिवशी घरी सांगायची. अवयवांची नावेही आम्ही न लाजता घेतो. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल मूल सांगणार तरी कसे?

पहिल्याच वर्षी दुसरीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, पण मामा असला तर?”

सगळा वर्ग आमच्याकडे बघत होता. आम्ही म्हणालो, मामा असला तरी, काका असला तरी, बाई असल्या तरी. नियम सगळ्यांना एकच.

त्या प्रश्नाने आम्हांला पुष्कळ दिवस विचार करायला लावला. आपण लेकरांना काय शिकवतो? मोठ्यांचे ऐक. उलट बोलू नको. पाहुणा आला की, ‘जा, त्यांना पप्पी दे’. पोरगी अंग चोरते, आईच्या मागे लपते, तरी आपण तिला पुढे ढकलतो आणि हसतो. जे लेकरू पाहुण्याला ‘नको’ म्हणू शकत नाही, ते अडचणीच्या वेळी कुठून म्हणणार? आपल्या आज्या-पणज्यांना वाड्यावरून आलेल्या प्रत्येक निरोपाला ‘जी’ म्हणायचे शिकवले होते. येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढायची बंद केली, तेव्हा आपला समाज ‘नाही’ म्हणायला शिकला. मग घरातल्या लेकरालाच तो शब्द का महाग असावा?

गेल्या खेपेला पालकसभेत ट्रॅक्टर चालवणारे एक वडील उभे राहिले. संकोचून म्हणाले, “म्हंजी बाई, आता म्या माझ्या लेकीला जवळबी घ्यायचं न्हाई का?” त्यांचा प्रश्न खरा होता, कुणी हसायचे कारण नव्हते. आम्ही म्हणालो, दादा, खुशाल घ्या, रोज घ्या. फक्त तिला नको असेल तेव्हा सोडा. बापाने तिचा ‘नको’ मानला की बाहेर कुणी मानला नाही तर तिला लगेच खटकते.

पण लेकरांना शिकवून आपण मोकळे झालो असे कुणी समजू नये. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर शाळेतल्याच कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुलींनी घरी सांगितले आणि घरच्यांनी ऐकून घेतले, म्हणून ते उजेडात आले. तक्रार घ्यायला पोलिसांनी विलंब लावला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चार वर्षांच्या मुलींनी आपले काम केले होते. राहिले ते मोठ्यांचे.

लेकराने सांगितले तर ‘काहीतरीच बोलू नको’ म्हणू नका, मारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. वस्तीत पाच माणसे बसवून आपसांत मिटवण्याची आपल्याकडे खोड आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून पोक्सो कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही तो लागू होतो, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव छापता येत नाही. ‘बदनामी होईल’ म्हणणाऱ्या आयाबायांना आम्ही हे आधी सांगतो.

1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास, फुकट चालतो. टाळ्या वाजवून तो पहिलीतही पाठ होतो. त्यानंतर आम्ही हात पुढे करायला लावतो आणि पाच बोटांवर पाच माणसांची नावे मोजून घेतो, ज्यांना काहीही सांगता येईल अशी. बहुतेकांची पाचही बोटे भरतात. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची मुले चार महिने आमच्या वर्गात बसतात. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात, कोपीत मोठी बहीण तेवढी असते, तीही नऊ-दहा वर्षांची. त्यांची दोन-तीन बोटांवरच गाडी थांबते. म्हणून या हंगामात आम्ही वस्तीतल्या चार आयांना सोबत घेऊन संध्याकाळी कोप्यांवर जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी शाळा सुटायच्या वेळी भेटावे.