आपल्या पोरांनी ड्रॅगनच्या गोष्टी वाचाव्यात का?



आमच्या नाशिकात अद्भुत कथा वाचायला पुस्तक उघडावं लागत नाही. पंचवटीत सीतागुंफा आहे, पलीकडे तपोवन आहे, आणि शहराचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलं जातं. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत भिक्खूसंघाला दिलेल्या दानाचे सातवाहन-क्षत्रपांच्या काळातले शिलालेख आजही भिंतींवर आहेत. तरी बसचा कंडक्टर ओरडतो 'पांडवलेणी'च. दगडावर कोरलेला पुरावा हरला आणि सांगोवांगीची गोष्ट जिंकली. म्हणून शाप, वरदान, राजपुत्र असलं काही दिसलं की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडायची.

वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत बारावीची एक मुलगी येते. तिचं वाचन सगळं मोबाइलवर, आणि सगळं जपानी: ज्याला 'लाइट नॉव्हेल' म्हणतात त्या कादंबऱ्या. छोट्या आकाराची पुस्तकं, मधेमधे चित्रं, एकेका कथेचे वीस-तीस खंड. ती त्यांची इंग्रजी भाषांतरं अडत अडत, शब्द शोधत वाचते. मी एकदा विचारलं, काय असतं गं यात? ती म्हणाली, "ताई, एक माणूस मरतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो." मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. आपण पुनर्जन्म मानत नाही, मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी हलकी जात मिळते हीच थाप मारून आपल्याला हजारो वर्षं गाडलं, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्म्याचं स्थलांतर कसं नाकारलंय, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, एक तर वाचून बघा. मग ओरडा."

तिने दिली ती काझुकी मिया या लेखिकेची 'होनझुकी नो गेकोकुजो'. इंग्रजीत 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म'. 2013 पासून ती 'शोसेत्सुका नी नारो' या जपानी संकेतस्थळावर येऊ लागली. त्या नावाचा अर्थच 'चला, कादंबरीकार होऊ या'. तिथे कुणीही लिहू शकतो. संपादकाचा उंबरा झिजवावा लागत नाही. ज्या समाजाला आपलं साहित्य छापायला 'अस्मितादर्श'सारखी स्वतःची नियतकालिकं काढावी लागली, त्याला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

गोष्ट अशी. पुस्तकांचं वेड असलेली एक तरुणी भूकंपात पुस्तकांखालीच चिरडून मरते आणि दुसऱ्या जगात माइन नावाची पाच वर्षांची आजारी मुलगी होते. बाप शहराच्या वेशीवर शिपाई, आई कापड रंगवणारी. गेल्या जन्मीचं पापपुण्य काही बरोबर येत नाही. येते ती फक्त वाचनाची आठवण. आणि या घरात, या अख्ख्या गल्लीत पुस्तक नाही. पुस्तक सरदारांनाच परवडतं. मग ही पोर ठरवते की मीच करीन. गवताचे धागे विणून बघते, जमत नाही. मातीच्या पाट्या करते, त्या भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्या गोळा करते, तर आई त्या सरपण म्हणून चुलीत घालते. आईची चूक नाही, तिला ती लाकडंच दिसतात. इथे मी पुस्तक खाली ठेवलं. माझ्या आजीने वडिलांची सहावीची वही अशीच चुलीला लावली होती, आणि वडील ते हसत सांगायचे.

पुढे माइनला मंदिरात ग्रंथालय सापडतं. विधीसाठी मंदिरात यायला गोरगरिबांना मुभा आहे, पण ग्रंथालयाच्या दाराला जादूचा अडसर आहे आणि तो तिला आत जाऊ देत नाही. पुस्तकं दिसतात, हात पोचत नाही. ती रडते. हे वाचताना नाशिकच्या माणसाला काळाराम आठवणार नाही तर काय आठवेल? 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो 1935 पर्यंत नेटाने चालवला. देवदर्शनाची भूक नव्हती ती, माणूस म्हणून हक्काची होती. आणि त्याच 1935 साली, 13 ऑक्टोबरला, आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. बंद दारापुढे किती दिवस उभं राहायचं याला मर्यादा असते.

माइन मात्र दुसरी वाट धरते, आणि माझं भांडण तिथे आहे. त्या जगात जादूची शक्ती सरदार घराण्यांची मक्तेदारी समजली जाते. माइन गरिबाची असूनही तिच्यात ती आहे, म्हणून शेवटी तिला राज्यकर्त्या घराण्यात दत्तक घेतलं जातं. 'गेकोकुजो' म्हणजे खालच्याने वरच्याला उलथवणं. इंग्रजीत त्याचं नुसतं 'वर चढणं' झालं, आणि मी वाचलं तिथवर तरी कथेत तेच घडतं. एक मुलगी वर जाते, गल्ली तिथेच राहते. हॅरी पॉटरमध्ये निदान शुद्ध रक्ताची घमेंड खलनायकांच्या तोंडी आहे. 'शील्ड हीरो' नावाच्या दुसऱ्या एका मालिकेत तर नायक गुलाम मुलगी विकत घेतो आणि सुटका झाल्यावर ती स्वतःहून गुलामीची खूण परत गोंदवून घेते. हे वाचून मुलं भारावत असतील तर त्यांच्याशी बोललंच पाहिजे. पण बोलायचं तर आधी वाचायला लागेल.

दत्तक जाताना माइनला जो करार करावा लागतो, त्याने मात्र माझी झोप उडवली. जुनी माइन मेली असं जाहीर होतं. यापुढे आईला आई म्हणायचं नाही, बापाला बाप म्हणायचं नाही. बहीण तिच्यासाठी केसांत माळायची फुलं करून आणते, पण कारागीर म्हणून, बहीण म्हणून नाही.

एमएला असताना मी नाशिकच्या एका बऱ्या कॉलनीत खोली घेऊन राहत होते. घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव गावावरून आहे, त्यावरून काही कळत नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही बोलले नाही. दोन महिन्यांनी आई आली. वर्तमानपत्रात गुंडाळून बाबासाहेबांचा फोटो घेऊन आली होती, नव्या खोलीत लावायला. मी म्हटलं, भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. फोटो कपाटात, कपड्यांखाली ठेवला. बाई चहाला बोलवायला आल्या तेव्हा आई 'जय भीम' म्हणेल या धास्तीने मीच घाईघाईने 'नमस्कार' म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तीही नमस्कार म्हणाली. या गोष्टीवर आम्ही दोघी आजतागायत बोललेलो नाही.

आमच्याच नाशिकच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांच्या 1963 च्या कथासंग्रहाचं नाव 'जेव्हा मी जात चोरली होती!'. मी तो शिकताना वाचला, त्यावर टिपणं काढली, मार्क मिळवले. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव लावून राहावं लागलं हेही भाषणांत अनेकदा सांगितलं. पण त्या कपाटातल्या फोटोपर्यंत मला नेलं ते एका जपानी बाईच्या जादूच्या कादंबरीने. असं का, याचं माझं उत्तर असं की बागुल वाचताना मी आधीच तयार होते, आपण शोषितांच्या बाजूला हे ठरवून बसले होते. इथे बेसावध होते.

अद्भुताला नुसतं 'पुराण' म्हणून झटकणं आपल्याला शोभतही नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा मत्स्य, वराह, वामन या कथा फेकून दिल्या नाहीत. त्या उलटून वाचल्या, वामनाला घुसखोर ठरवलं आणि बळीला आपला राजा केलं. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी आत्मकथनं लिहिली. 'बलुतं', 'उपरा' आले आणि मराठी साहित्याला तोंड लपवायला जागा राहिली नाही. ते गरजेचंच होतं. पण आता आपल्या वस्तीतल्या मुलीने वही उघडली की सगळे तिला एकच सांगतात: तुझं दुःख लिही, तुझा अनुभव लिही. सवर्ण संपादकही हेच सांगतात आणि आपणही. ड्रॅगन लिहायची परवानगी इतरांना आणि आपल्याला फक्त साक्ष द्यायची, ही कामाची वाटणी कुणी केली?

त्या मुलीनेही लिहायला घेतलंय. नाक कापलेली एक बाई जंगलातून परत येते आणि आपल्या नाकावरून नाव मिळालेल्या शहराकडे भाडं मागते. मी विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणाली, "ताई, तिला कुणी विचारलंच नाही ना." अकरा पानं झालीत. शुद्धलेखन भयंकर आहे. मी लाल पेन दप्तरातच ठेवलाय, कारण तिने बाराव्या पानावर त्या बाईची आई येणार असं सांगितलंय.