चांदीच्या डॉलरचं गाव

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याची राजधानी कोणती? लास व्हेगास नव्हे हं! ती आहे सिएरा नेवाडा डोंगरांच्या पायथ्याशी वसलेली चिमुकली कार्सन सिटी. तिथल्या मुख्य रस्त्यावर वालुकाश्माची एक भक्कम इमारत आहे. तिचे दगड आले तुरुंगाच्या खाणीतून! एके काळची ही टांकसाळ. आज तिथे राज्याचं संग्रहालय आहे.

१८५९ साली जवळच्या व्हर्जिनिया सिटीत चांदीचं घबाड सापडलं. एवढी चांदी डोंगर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला कशाला न्यायची? म्हणून १८७० मध्ये इथेच नाणी पाडायला सुरुवात झाली. मधली काही वर्षं सोडली तर १८९३ पर्यंत हे काम चाललं. नाणी पाडण्याचं पहिलं यंत्र अजून तिथे उभं आहे.

इथला 'मॉर्गन डॉलर' हातात घेतला तर चांगला वजनदार लागतो : जवळजवळ २७ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. मागच्या बाजूला गरुडाखाली 'सीसी' ही बारीक अक्षरं दिसली की समजावं, हा कार्सन सिटीचा!

पण किंमत कशी ठरवायची? जाणकार आधी झीज बघतात. देवीच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती हे उंच भाग सर्वांत आधी झिजतात. मग १ ते ७० गुण देतात. ६० च्या पुढचं नाणं म्हणजे वापरात न आलेलं, कोरं. ही पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली.

आता एक कोडं. १८८५ साली इथे २,२८,००० डॉलर पाडले, १८८९ साली ३,५०,०००. महाग कुठला? १८८५ चा म्हणाल, तर चुकलात! १८८५ चे बरेच डॉलर सरकारी तिजोरीत थैल्यांमध्ये कोरे पडून होते. १९७० च्या दशकात सरकारने ते विकले. १८८९ चे कोरे डॉलर मात्र फारच थोडे उरले, म्हणून ते कितीतरी पट महाग. किती पाडले यापेक्षा किती उरले हे महत्त्वाचं!

बाकीचे गेले कुठे? १९१८ च्या कायद्यानुसार अमेरिकेने २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने घेतली, ती आपल्याकडचे रुपये पाडण्यासाठी! तेव्हा पणजोबांच्या एखाद्या रुपयात कार्सन सिटीची चांदी असेलही, कुणी सांगावं?

असा जुना रुपया घरात सापडला तर एक पथ्य पाळा. त्याला चिंच किंवा राख लावून घासू नका. देवघरातली भांडी घासली की लखलखतात, पण नाणं घासलं की त्याचा मूळचा पृष्ठभाग जातो आणि किंमत घसरते. डॉलर असो की रुपया, कडेने धरा, बघा आणि जपून ठेवा.